एक नंबरचं यंत्र येईपर्यंत

माझ्या वहीत एक नोंद आहे. माझ्याच अक्षरात, लाल पेनाने: "शेवटच्या दोन सिरीजमध्ये एकाग्रता ढासळते. मन कच्चं." ही नोंद ज्या मुलीबद्दल आहे ती सोळा वर्षांची आहे, साताऱ्याकडच्या आमच्याच एका हवालदाराची मुलगी. नोंद खोटी होती आणि ती मी तीन वेळा केली. आजचं लिखाण त्या नोंदीबद्दल आहे, आणि ज्या पाच-सहा हजारांच्या यंत्राने ती खोटी ठरवली त्या यंत्राबद्दल. रागाने लिहितोय, सांभाळून घ्या.

सध्या मी राजस्थानात आहे. बिकानेरच्या बाजूला, एवढं पुरे. छावणीतल्या एका जुन्या स्टोअरच्या बराकीत दहा मीटरची एअर रायफल रेंज आहे. तीन लेन, दोरी ओढून पुढे-मागे करायची टार्गेटं, छताला ट्यूबलाइट, आणि मे महिन्यात आत शिरलं की भट्टीत शिरल्यासारखं. जवानांची मुलं संध्याकाळी येतात. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने ब्राँझ आणल्यापासून तर बापांची रांग लागली आहे. मी कोच नाही. तोफखान्याचा माणूस आहे. पण नेमबाजीची आवड आणि संध्याकाळचा मोकळा वेळ एवढ्या भांडवलावर पोरांकडे लक्ष देतो.

ही मुलगी चांगली मारते. चार सिरीज १०४च्या आसपास, एकदम इमानदार. मग पाचवी १०२, सहावी १००. महिला एअर रायफलला २०१८ पासून पुरुषांसारखेच ६० शॉट झाले, आधी ४० होते. म्हणजे दहा-दहाच्या सहा सिरीज. हिची गाडी चौथ्या स्टेशनापर्यंत वेळेवर आणि मग रखडलेली. निवड चाचणीत दीड गुणाने हुकली. छर्रे खाली जात होते. खाली गेले की आपण काय म्हणतो? कोपर पडला, श्वास सुटला, दमली, घाबरली. मी पण तेच म्हणालो. बापाने तिला पहाटे पळायला लावलं. आईने बदाम सुरू केले. कोणीतरी प्राणायामाचा व्हिडिओ पाठवला. पोरगी गप्प झाली. ती आधी खूप बोलायची.

आता तोफखान्यात काय होतं ते सांगतो, कारण मला लाज तिथूनच वाटते. तोफेचा गोळा कमी पडला तर गनवरच्या जवानाला आम्ही "तुझं मन कच्चं आहे" म्हणत नाही. पहिला प्रश्न असतो मझल व्हेलॉसिटीचा. नळी किती झिजली आहे, तिच्यातून आजवर किती फायर झालं आहे, चार्जचं तापमान किती, हवा काय म्हणते. सकाळच्या गार चार्जचा वेग वेगळा, दुपारी उन्हात तापलेल्याचा वेगळा. एकाच बॅटरीतल्या तोफांचेही वेग एकसारखे नसतात, म्हणून प्रत्येक तोफेचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. त्यासाठी तोफेवर रडार लावून वेग मोजतात. आकडे इथे लिहिणार नाही, लिहूही नयेत. मुद्दा एवढाच की, ज्या माणसाने देवळालीला पहिल्या दिवसापासून "आधी वेग विचार" हे घोकलं, त्या माणसाने एका पोरीच्या बाबतीत वेग सोडून बाकी सगळं विचारलं.

तसं रेंजच्या कमिटीसमोर क्रोनोग्राफचा विषय मी वर्षभरापूर्वी काढला होता. क्रोनोग्राफ म्हणजे गोळीचा किंवा छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र. उत्तर आलं, "लेना है तो एक नंबर का लेंगे, खिलौना नहीं." एक नंबरचं म्हणजे डॉपलर रडार. घड्याळं आणि जीपीएसवाल्या गार्मिनने २०२३च्या अखेरीस तळहातावर मावेल एवढं एक काढलं, अमेरिकेत किंमत सहाशे डॉलर. चीज उत्तम आहे, खोटं कशाला बोलू. रायफलच्या बाजूला ठेवा, चालू करा, मारा. छर्र्याच्या वाटेत काही उभं करावं लागत नाही, उजेडाची कटकट नाही. पण सहाशे डॉलर, वर कस्टम, वर आणणाऱ्याचा नफा, वर तीन कोटेशनं. फाईल गेली ती गेली. आणि फाईल गेली म्हणून आम्ही सगळे निवांत झालो. यंत्र येणार आहे म्हटल्यावर वेग मोजायची जबाबदारीच जणू त्या फाईलवर जाऊन बसली.

माझं भांडण या निवांतपणाशी आहे. "घ्यायचं तर उत्तमच" हे वाक्य ऐकायला स्वाभिमानाचं वाटतं. खरं तर ते काही न करण्याचं सगळ्यात सभ्य कारण आहे. आमच्या बराकीत त्या वाक्याची किंमत एका मुलीने वर्षभर भरली.

दुसरी बाजूही आहे. एक जुने उस्ताद आहेत, मनापासून आदर करतो, त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं आज चांगल्या हुद्द्यावर आहेत. ते म्हणतात, यंत्राने नेमबाज होत नसतो, आमच्या वेळी कुठे होतं हे. खरं आहे, होत नसतो. पण वेग मोजायचं वेड आजचं नाही हो उस्ताद. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रजाने १७४२ मध्ये लाकडाचा ठोकळा टांगून त्यात गोळी मारली आणि ठोकळा किती हलला त्यावरून वेग काढला. १८६०च्या दशकात ल बुलांजे या बेल्जियन तोफखान्याच्या अधिकाऱ्याने दोन तारांचं यंत्र केलं: गोळ्याने पहिली तार तोडली की एक लांब कांडी खाली पडायला लागते, दुसरी तोडली की सुरी सुटून त्या पडत्या कांडीवर खूण करते, आणि खुणेच्या उंचीवरून वेळ निघते. आपल्याकडे ओडिशात चांदीपूरला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तोफा आणि दारूगोळा तपासण्याचं ठाणं आहे. इतक्या पिढ्या लोक वेग मोजत आले ते काय नेमबाजांचं मन कच्चं होतं म्हणून?

शेवटी मी स्वतःच्या पगारातून एक स्वस्त ऑप्टिकल क्रोनोग्राफ मागवला. एका शूटिंग जॅकेटच्या किमतीत असे चार-पाच येतील. बायकोने विचारलं, "हे काय?" म्हटलं, "वजनकाटा." तिचा विश्वास बसला नाही, पण तिने पुढे विचारलंही नाही.

आता ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. स्वस्तातल्या ऑप्टिकल यंत्रात दोन डोळे असतात, साधारण एक फुटावर. छर्रा पहिल्या डोळ्यावरून गेला की त्याची सावली पडते आणि घड्याळ सुरू होतं, दुसऱ्यावरून गेला की थांबतं. सेकंदाला १७५ मीटर वेग असेल तर एक फुटाला पावणेदोन मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एवढं मोजायला आजची साधी चिप सहज पुरते. म्हणजे घड्याळ स्वस्त म्हणून यंत्र चुकत नाही, चुकतं ते उजेडामुळे आणि मांडणीमुळे. आमच्या बराकीत पहिल्या दिवशी त्याने ४१२ मीटर दाखवले. एअर रायफल! उस्ताद हसले. कारण छताच्या ट्यूबा. आपली वीज ५० हर्ट्झची, जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिचमिचते आणि यंत्राला प्रत्येक मिचमिच म्हणजे छर्र्याची सावली वाटू शकते. ट्यूबा बंद केल्या, वर एक जुना पिवळा बल्ब टांगला, आकडे माणसात आले. म्हणून बंद हॉलमध्ये वापरायचं असेल तर स्वतःचा इन्फ्रारेड उजेड असलेलं, बोगद्यासारखं बंद यंत्र घ्या. उघड्यावर वापरायचं असेल तर वरच्या पांढऱ्या पडद्यांशिवाय घेऊ नका, नाहीतर राजस्थानच्या कोऱ्या आभाळाखाली त्याला छर्रा दिसतच नाही.

दोन डोळ्यांमधलं अंतर जितकं जास्त तितकं बरं. तीनशे मिलिमीटरमध्ये एक मिलिमीटरची चूक म्हणजे आकड्यात एक तृतीयांश टक्का. शंभर मिलिमीटरमध्ये तीच चूक एक टक्का. यंत्र छर्र्याच्या वाटेला सरळ लावा. दहा अंश तिरकं लागलं तर वेग दीड टक्का कमी दिसतो आणि तुम्ही रायफलवर संशय घेत बसता. काही छोटी यंत्रं नळीच्या तोंडावरच बसवतात. सर्वात स्वस्त आणि सुटसुटीत तीच. वेगाचा आकडा ठीक देतात, पण नळीच्या टोकाला वजन आलं की छर्रा कुठे लागतो हे बदलतं, म्हणून वेग आणि ग्रुप एकाच वेळी तपासता येत नाहीत. मला हवं होतं ते नेमकं हेच, म्हणून ती घेतली नाहीत. तुम्हाला फक्त वेग हवा असेल तर खुशाल घ्या. आणि प्रत्येक शॉटचा आकडा साठवून ठेवणारं घ्या. फक्त शेवटचा आकडा दाखवणारं असेल तर शेजारी एकाला वही घेऊन बसवावं लागतं, आणि तो चौदाव्या शॉटला मोबाईल बघायला लागतो.

अचूकतेबद्दल फार घाबरवतात. स्वस्त यंत्र एक-दोन टक्के इकडेतिकडे असू शकतं, मान्य. पण ते सगळ्या शॉटना सारखंच इकडेतिकडे असतं. खरा वेग १७३ असेल आणि यंत्र १७१ म्हणत असेल तर माझं काय बिघडतं? मला बघायचंय ते पहिला शॉट आणि साठावा शॉट यांच्यात फरक किती. त्याला हे यंत्र पुरून उरतं. रेशन दुकानाचा काटा पन्नास ग्रॅमने चुकीचा असला तरी रोज त्याच काट्यावर उभं राहणाऱ्याला आपण वाळतोय की फुगतोय हे कळतंच.

तर आम्ही काय केलं. तिला नेहमीप्रमाणे सिलिंडर भरायला लावला. यंत्र नळीपुढे मीटरभरावर मांडलं. आधी चाचणीत मारतात तसे २० सायटर, मग ६०. मध्ये एकदाही हवा भरायची नाही. लोक तीन छर्रे मारून आकडा सांगतात आणि यंत्र पेटीत घालतात. आम्हीही तीनच मारले असते तर रायफल बावनकशी ठरली असती. सायटर संपले, पहिली सिरीज झाली, दुसरी, तिसरी, चौथी. १७३, १७२, १७३, १७४, १७३. मला वाटायला लागलं की पैसे पाण्यात गेले आणि वहीतली नोंद खरी होती. बेचाळिसाव्या शॉटनंतर १७१ आला. मग १७०. पन्नासाव्याला १६८. मुलगी शांतपणे मारत होती, तिला आकडे दिसत नव्हते. साठाव्याला १६३.

दहा मीटर जायला छर्र्याला साधारण साठ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो, आणि तो हिशोब धरूनच साइट लावलेली असते. वेग १७३चा १६३ झाला की तो आणखी दोन मिलिमीटरहून थोडा जास्त खाली येतो. दोन मिलिमीटर म्हणजे काय ते टार्गेट बघितलेल्यांना विचारा. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पाव मिलिमीटर सरकलं की गुणाचा एक दशांश जातो. दोन मिलिमीटरला आठ दशांश. तिचा नेम जिथे होता तिथेच होता. छर्रा तिथे पोचत नव्हता. वर ती बिचारी मध्येच क्लिक फिरवून तो सांभाळायचा प्रयत्न करत होती, म्हणूनच १०० तरी येत होते. ज्या मुलीच्या वहीत मी "मन कच्चं" लिहिलं तिने ढासळत्या वेगाच्या रायफलवर, कारण माहीत नसताना, शेवटच्या दहा शॉटमध्ये १०० ठेवले होते. जमेल का तुम्हाला? मला नाही जमणार.

दोष कुठे होता? सिलिंडरचा गेज अडकला होता. १८० बार दाखवायचा, प्रत्यक्षात हवा ११०च्या जवळपास. ज्या मोठ्या टाकीवरून आम्ही भरतो तीच अर्धी रिकामी झाली होती आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. रायफलमधला रेग्युलेटर सत्तरच्या आसपास हवा देतो. सिलिंडर त्याच्या खाली गेला की रेग्युलेटर तरी काय करणार. सरावात ती ४० शॉट मारून पुन्हा हवा भरायची, म्हणून सरावात काही दिसायचं नाही. चाचणीत सायटर धरून ८० व्हायचे, आणि बरोबर शेवटच्या दोन सिरीजमध्ये हवा संपायची. म्हणजे "सरावात मारते, मॅचमध्ये ढासळते". मन कच्चं असल्याची याहून पक्की खूण कुठली?

टोकियोला २०२१ मध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, वेळ गेला, फायनल हुकली. त्यानंतर तिच्या मनाबद्दल घरबसल्या किती जणांनी किती लिहिलं ते आठवून बघा. यंत्र बिघडतं, आणि आपण माणसाची तपासणी सुरू करतो, कारण माणसाच्या तपासणीला कोटेशन लागत नाही.

ज्यांना पाच हजारही जड आहेत त्यांच्यासाठी, कारण मला अशी पत्रं येतात. फुकटात वेग मोजता येतो. रेंजवर नळीचं तोंड आणि छर्रा अडवणारी पेटी यांच्यात स्टीलच्या टेपने बरोबर दहा मीटर मोजा. फोन अगदी मधोमध, पाच मीटरवर, पण मार्गापासून बाजूला आणि आडोशाला ठेवा. आवाज रेकॉर्ड करणारं कुठलंही ॲप चालू करा. फोन मधोमध असल्याने नळीचा आवाज आणि पेटीवरचा आवाज, दोन्ही सारखंच अंतर कापून येतात, म्हणून आवाजाच्या वेगाचा हिशोब करावा लागत नाही. रेकॉर्डिंगमध्ये दोन उंच टोकं दिसतील. त्यांच्यातली वेळ काढा, दहाला तिने भागा. ०.०६० सेकंद आले तर १६७. हा पूर्ण वाटेचा सरासरी वेग आहे, नळीच्या तोंडावरच्या वेगापेक्षा थोडा कमीच येणार. पण पुन्हा तेच: पहिला आणि साठावा यांच्यातला फरक त्यातही दिसतो. मी नंतर करून बघितलं, दिसला. म्हणजे वर्षभर माझ्या खिशातही यंत्र होतं. हे फक्त एअर रायफलसाठी आणि योग्य पेटी असलेल्या रेंजवरच. लोखंडी पत्रा उभा करून त्यावर मारू नका, छर्रा परत येतो. चष्मा लावा.

जाता जाता दुकानदारांचंही. गावाकडे गेलो होतो तेव्हा एका एअरगनच्या खोक्यावर "१२०० फूट प्रति सेकंद" वाचलं आणि विक्रेता म्हणाला, "लायसन लागत नाही." २०१६च्या आर्म्स रूल्सप्रमाणे विनापरवाना एअरगनची हद्द २० जूल आणि ४.५ मिलिमीटर. साध्या अर्ध्या ग्रॅमच्या शिशाच्या छर्र्याला १२०० फूट वेग दिला तर ऊर्जा ३३ जूलच्या वर जाते. म्हणजे खोकं तरी खोटं किंवा विक्रेता तरी. बहुतेक खोकंच. पण अडकणार कोण? घेणारा. इथे मात्र तो एक-दोन टक्क्यांचा फरक महत्त्वाचा आहे. वेगात एक टक्का चूक म्हणजे ऊर्जेत दोन टक्के. तुमचं स्वस्त यंत्र १९.८ जूल दाखवत असेल तर निश्चिंत होऊ नका. वेगाच्या मागे लागलेल्या पोरांना एवढंच सांगतो की ऑलिम्पिकच्या दर्जाची एअर रायफल आठ जूलच्या आसपास चालते. तिची किंमत वेगासाठी नसते. शंभरावा छर्रा पहिल्यासारखाच जावा यासाठी असते.

मुलीला मी बराकीत सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती. ती म्हणाली, "काका, मग पळायला जाऊ का नको?" बापाकडे बघून म्हणाली, खरं तर. बाप म्हणाला, जायचंच. गेज बदलला आहे, टाकी भरून आणली आहे. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिन्ही रायफली यंत्रावर घेतो, २० आणि ६०, आणि आकडे मुलंच लिहितात. गेल्या खेपेला दुसऱ्या लेनच्या रायफलचे पहिले पाच शॉट मंद आले, नंतर ठीक. रेग्युलेटर रात्रभर पडून राहिला की तसं करतो असं वाटतंय. पुढच्या रविवारी पुन्हा बघू.

तिची चाचणी पावसाळ्यानंतर आहे. एक नंबरच्या यंत्राची फाईल मागच्या आठवड्यात परत आली, एका कोटेशनवर तारीख नव्हती.